ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन: गोळी घेण्यापूर्वी वेष्टन कसे वाचावे

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील किंवा कॉलेज रोडवरील एखाद्या मोठ्या मेडिकल दुकानात ड जीवनसत्त्व दोन ठिकाणी ठेवलेले आढळते. काउंटरमागच्या खणांत ६०,००० आययूच्या (आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) कॅप्सूलची पाकिटे आणि सॅशे असतात, तर पुढच्या काचेच्या कपाटात कमी मात्रेच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिनचे रंगीत डबे आणि चघळायच्या गमीज मांडलेल्या असतात. द्रव्य एकच असले तरी कायद्याच्या दृष्टीने पहिली वस्तू बहुधा औषध असते आणि दुसरी अन्न. पहिलीचे उत्पादन औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील परवान्यावर होते आणि दुसरीचे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील परवान्यावर. आपल्या राज्यात दोन्हींवर देखरेख अन्न व औषध प्रशासनच ठेवत असल्यामुळे आणि दोन्ही एकाच दुकानात मिळत असल्यामुळे ग्राहकाला हा फरक सहसा जाणवत नाही. निवड करताना मात्र येथूनच सुरुवात करावी. कमतरता सिद्ध झाली असेल तर ती भरून काढण्यासाठी औषध असते, आणि रोजच्या आहारातील उणीव भागवण्यासाठी पूरक आहार असतो. बहुतेक चुका या दोहोंची अदलाबदल केल्यामुळे होतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा घेण्याची सूचना असते. पूरक आहाराच्या डब्यावर एफएसएसएआयचे, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे चिन्ह, १४ अंकी परवाना क्रमांक, ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द आणि हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही अशी ओळ छापलेली असते. ज्या डब्यावर यांपैकी काहीच नाही, किंवा केवळ परदेशी लेबल असून आयातदाराचे नाव व पत्ता नाही, तो डबा व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने दिला असला तरी परत करावा.

आधी गरज ठरवावी

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि येथे उन्हाची वाण नाही, तरीही ड जीवनसत्त्वाची कमतरता येथे सर्रास आढळते. याचे कारण सूर्यात नसून आपल्या दिनक्रमात आहे. त्वचेमध्ये हे जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील ‘बी’ किरण लागतात आणि सूर्य आकाशात पुरेसा वर आल्याशिवाय ते जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. पहाटे साडेसहाला गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांच्या हृदयाला आणि गुडघ्यांना त्याचा लाभ होतो. ड जीवनसत्त्वाच्या खात्यात मात्र जवळजवळ काहीच जमा होत नाही. खिडकीच्या किंवा मोटारीच्या काचेतून येणारे ऊनही या कामी निरुपयोगी आहे, कारण काच हे किरण अडवते. दुचाकीवरून जाताना स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालणाऱ्या तरुणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे कामगार, दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणारे कर्मचारी आणि घराबाहेर न पडणारे वृद्ध या सर्वांची अडचण एकच आहे. त्वचा सावळी असेल तर तेवढेच जीवनसत्त्व तयार होण्यास अधिक वेळ लागतो, आणि जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत मिळणारे प्रमाण आणखी घटते.

ऊन उपयोगाचे आहे की नाही हे स्वतःच्या सावलीवरून समजते. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा किरण पुरेसे असतात. नाशिकमध्ये मे महिन्यात ही स्थिती सकाळी साडेनऊच्या सुमारासच येते, त्यामुळे भर दुपारच्या रखरखत्या उन्हात उभे राहण्याचे काहीच कारण नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र ती जेमतेम दुपारी साडेबाराच्या आसपास येते. आठवड्यातून काही दिवस हात, पाय आणि चेहरा उघडे ठेवून, त्वचा लाल होण्याच्या आत थांबून पंधरा ते तीस मिनिटे उन्हात राहता येत असेल, तर निरोगी प्रौढाने गोळीचा विचार त्यानंतर करावा. आहारातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही: अंड्याचा बलक, बांगड्यासारखे तेलकट मासे, आणि ज्यांच्या वेष्टनावर ‘एफ’ अक्षरापुढे अधिकचे चिन्ह असते असे जीवनसत्त्वयुक्त केलेले दूध व खाद्यतेल, एवढेच स्रोत सांगण्याजोगे आहेत.

रक्त तपासावे का, हा पुढचा प्रश्न. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये ही तपासणी सरसकट घातलेली असते, परंतु अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निरोगी प्रौढांची अशी सरसकट तपासणी करू नये असाच सल्ला दिलेला आहे. हाडे सतत दुखणे, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर नसणे, किरकोळ पडण्याने हाड मोडणे, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, आतड्यांतून अन्नशोषण नीट न होणे, फिट्सची काही औषधे दीर्घकाळ चालू असणे, अशी कारणे असतील तर तपासणी अवश्य करावी. तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ या नावाची असावी. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी तपासणी असून साठा समजण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.

अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक प्रयोगशाळा ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही खालची मर्यादा छापतात, त्यामुळे २४ आकडा आलेल्या माणसाच्या कागदावरही ठळक अक्षरांत ‘अपुरे’ असे उमटते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये २० हा आकडा जवळजवळ सर्व लोकांच्या हाडांसाठी पुरेसा मानला होता, आणि एंडोक्राइन सोसायटीनेही आपली ३० ची जुनी मर्यादा २०२४ मध्ये सोडून दिली. २० च्या खालचा आकडा, विशेषतः १२ च्या खालचा, गांभीर्याने घ्यावा. तक्रार काही नाही आणि आकडा २० ते ३० च्या दरम्यान आहे, तर अहवाल हातात पडताच मेडिकलमधून ६०,००० ची कॅप्सूल उचलण्याची गरज नसते. माझ्या मते नाशिकमध्ये विकल्या जाणाऱ्या या कॅप्सूलपैकी पुष्कळशा याच ठळक अक्षरांमुळे विकल्या जातात.

मात्रेचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची ड जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज ६०० आययू आहे, वृद्धांसाठी ८०० आययू धरतात, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज घेण्याची कमाल मर्यादा ४,००० आययू आहे. काही वेष्टनांवर मात्रा आययूमध्ये नसून मायक्रोग्रॅममध्ये असते आणि तेथे गोंधळ होतो. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. म्हणून १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६०० आययू आणि २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० आययू. डब्यावर ‘१०’ हा आकडा दिसला म्हणून गोळी निकृष्ट ठरत नाही, ती ४०० आययूची असते.

६०,००० आययूची कॅप्सूल किंवा सॅशे हे उपचाराचे औषध आहे. कमतरता असेल तेव्हा डॉक्टर ते साधारणपणे आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे देतात आणि पुढे महिन्यातून एक किंवा रोजची छोटी मात्रा ठरवतात. घरोघरी होणारी सर्वांत धोकादायक चूक म्हणजे ही कॅप्सूल इतर गोळ्यांच्या डबीत पडून रोज पोटात जाणे. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि लघवीवाटे सहज निघून जात नाही. त्यामुळे अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसू लागतात. मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि गोळी थांबवल्यानंतरही परिणाम ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून पाकीट घरी आणताच प्रत्येक कॅप्सूलच्या मागच्या पत्र्यावर पेनाने तारीख लिहावी. चार कॅप्सूलचे पाकीट म्हणजे चार रविवार, एवढे घरातील सर्वांना ठाऊक असावे.

एकूण बेरीज किती होते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, इंदिरानगरमधील सत्तरीच्या एका आजींना हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० आययूची कॅप्सूल आणि दिवसातून दोनदा कॅल्शियमची गोळी लिहून दिली आहे. कॅल्शियमच्या गोळीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच ५०० मिलिग्रॅम शुद्ध कॅल्शियम, आणि त्यासोबत ड३ जीवनसत्त्व २५० आययू. मुलाने पुण्याहून येताना ४०० आययूचे मल्टिव्हिटॅमिन आणले, तेही त्या नाष्ट्यानंतर घेतात. आठवड्याच्या कॅप्सूलचे दररोजचे प्रमाण सुमारे ८,५७० आययू होते, दोन कॅल्शियम गोळ्यांचे ५०० आणि मल्टिव्हिटॅमिनचे ४००. बेरीज साडेनऊ हजारांच्या आसपास जाते. आठ आठवड्यांच्या उपचारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही मात्रा चालते. परंतु आजींनी पुन्हा दाखवायला न जाता जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर पाकिटे आणली, तर त्या वर्षभर मर्यादेच्या दुपटीहून अधिक घेत राहतात आणि एकाही वेष्टनावर ही बेरीज लिहिलेली नसते. ती घरातील कोणीतरी कागदावर करावी लागते.

एकाच वेळी फार मोठी मात्रा देणारे इंजेक्शन, सहा लाख आययूचेदेखील, सोयीचे म्हणून मागितले जाते. ऑस्ट्रेलियातील सत्तरीपुढील स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षातून एकदा पाच लाख आययू तोंडावाटे दिल्यावर पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण कमी न होता वाढलेले आढळले. डॉक्टरांना त्यासाठी सबळ कारण दिसत नसेल तर रोजची किंवा आठवड्याची मात्राच बरी.

ड३ की ड२, कॅप्सूल की सॅशे

बाजारातील बहुतेक ड जीवनसत्त्व ड३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल असते आणि ते रक्तातील पातळी वाढवण्यात ड२ पेक्षा सरस ठरते. ते सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून तयार करतात, आणि मऊ कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते. ज्या घरांत याबाबत काटेकोरपणा पाळला जातो त्यांनी कॅप्सूलऐवजी गोळी किंवा सॅशे मागावे, पूरक आहाराच्या डब्यावरील हिरवे चिन्ह पाहावे, आणि तेवढ्याने समाधान होत नसेल तर दगडफुलासारख्या शैवाकापासून काढलेले ड३ किंवा ड२ निवडावे. ड२ कमी प्रभावी असले तरी निरुपयोगी नाही.

‘नॅनो’ द्रव, तोंडात फवारायचा स्प्रे, के२ जीवनसत्त्व जोडलेले ड३ या प्रकारांची किंमत साध्या सॅशेच्या कितीतरी पट असते. ज्याचे आतडे निरोगी आहे त्याने साधी गोळी दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे वरणावरच्या तुपासोबत किंवा भाजीतील तेलासोबत घेतली तरी ती व्यवस्थित शोषली जाते. के२ मुळे सामान्य माणसाला वेगळा लाभ होतो हे पुरेसे सिद्ध झालेले नाही, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल घेणाऱ्यांच्या औषधाच्या परिणामात क जीवनसत्त्वामुळे नव्हे तर नेमक्या याच के गटातील जीवनसत्त्वांमुळे अडथळा येतो. अशा रुग्णांनी हे मिश्रण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मल्टिव्हिटॅमिनचा डबा

मल्टिव्हिटॅमिनबद्दल स्पष्टच सांगायचे तर चांगला आहार घेणाऱ्या निरोगी प्रौढाला त्याची गरज सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढील १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून अधिक काळ झालेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमुळे हृदयविकार टळला नाही आणि कर्करोगाच्या एकूण प्रमाणात केवळ सुमारे ८ टक्के घट दिसली. ड जीवनसत्त्वाचीही तीच कथा आहे: २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत रोज २,००० आययू घेतल्याने कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. थकवा जावा म्हणून मल्टिव्हिटॅमिन आणणाऱ्याने आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि झोप यांची चौकशी करावी. गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ती ब-२ जीवनसत्त्वाचा जादा भाग बाहेर पडल्यामुळे. शक्ती आल्याचे ते लक्षण नाही.

तरीही काहींना हा डबा उपयोगी पडतो. अन्न कमी झालेले वृद्ध, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले, आतड्यांच्या जुनाट आजाराचे रुग्ण आणि फारच मर्यादित आहार घेणारे यांनी असा डबा निवडावा ज्यात प्रत्येक घटक दैनंदिन गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास आहे. वेष्टनावरील टक्केवारीचा रकाना त्यासाठीच असतो. एखाद्या घटकापुढे हजार टक्के लिहिलेले असेल तर ते औदार्य नसून विक्रीची क्लृप्ती असते. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात जास्त असेल तर गर्भवतीने ते टाळावे, कारण दिवसाला १०,००० आययूच्या वरची मात्रा गर्भाला घातक ठरू शकते; कॉड लिव्हर ऑइलमध्येही हेच जीवनसत्त्व असते. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत: फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासात, १९९४ मध्ये, त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. ब-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास हातापायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी ते घेतले तीच तक्रार बळावते.

लेबलवरील घटकांची संख्या पाहून निवड करू नये. दिवसाचे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम एका छोट्या गोळीत मावतच नाही, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिनमधील पन्नास-शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम केवळ यादी लांबवते. जिनसेंग, ग्रीन टी, द्राक्षाच्या बियांचा अर्क यांसारखे घटक ‘विशेष मिश्रण’ म्हणून एकत्र दाखवले असतील आणि प्रत्येकाचे प्रमाण दिले नसेल, तर त्यांसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. ज्या जिल्ह्यात ताजी द्राक्षे गल्लोगल्ली मिळतात तेथे तर नाहीच.

शाकाहारी घरांत खरी उणीव बहुधा ब-१२ ची असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत ती अधिक आढळते. तिच्यासाठी संपूर्ण मल्टिव्हिटॅमिनऐवजी नुसती ब-१२ ची गोळी घेणे सोपे आणि स्वस्त पडते. सायनोकोबालामिन टिकाऊ आणि परिणामकारक आहे. मिथाइलकोबालामिनसाठी जास्त पैसे द्यायलाच हवेत असे नाही. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच सहज शोषले जातात आणि उरलेल्यापैकी साधारण एक टक्का, म्हणून गोळीवर १,००० किंवा १,५०० मायक्रोग्रॅम असा मोठा आकडा असतो आणि येथे तो गैर नाही. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिल्यास रक्ताचे अहवाल सुधारल्यासारखे दिसतात आणि नसांची हानी मात्र चालूच राहते.

इतर औषधांबरोबर

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा मल्टिव्हिटॅमिन यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. केसांसाठीच्या गमीजमध्ये बायोटिन मोठ्या मात्रेत असते आणि त्यामुळे थायरॉइडच्या तसेच हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात. रक्त देण्यापूर्वी ते किती दिवस बंद ठेवायचे हे डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा, क्षयरोग, सार्कॉइडोसिस असलेल्यांनी किंवा थायाझाइड गटातील रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने सुरू करू नये, कारण त्यांच्यात कॅल्शियम वाढण्याचा धोका अधिक असतो.

तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० आययूचे थेंब देण्याची शिफारस आहे. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० आययू असलेली बाटली मिळते आणि ८०० आययू असलेलीही, आणि दोन्हींचे खोके सारखेच दिसतात. बाटली बदलली की ड्रॉपरवरील खूण पुन्हा वाचावी, आणि आजीने दिले, आईनेही दिले असे होऊ नये म्हणून थेंब देणारी व्यक्ती एकच ठरवावी.

खरेदी करताना बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक व मुदत आहे का ते पाहावे. तेच कोलेकॅल्सिफेरॉल जनऔषधी केंद्रात जेनेरिक नावाने बरेच स्वस्त मिळते. डॉक्टरांना चिठ्ठीवर घटकाचे नाव लिहायला सांगितले तर तेथे अडचण येत नाही. गोळे कॉलनीत घाऊक दराने सहा महिन्यांचा साठा मिळतो म्हणून तो भरून ठेवू नये. मात्रा तीन महिन्यांनी बदलण्याची शक्यता असते आणि जीवनसत्त्वे उष्णतेने व दमटपणाने उतरत जातात. पावसाळ्यात डबा स्वयंपाकघरातील ओट्यावर किंवा न्हाणीघरात न ठेवता कोरड्या कपाटात, मुलांच्या हाताला न लागेल असा ठेवावा. उपचार संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी, कारण निरनिराळ्या पद्धतींनी आकडे निरनिराळे येतात. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, कॅल्शियम, प्रोटीन पावडर आणि गमीजचे डबेसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत आणि ६०,००० ची कॅप्सूल आता थांबवायची का हा प्रश्न स्वतःहून विचारावा.